जॉर्जिया: सात रात्री, पाच हॉटेलं आणि आईचा गुडघा

मेघना_नाशिक

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की दोन दिवसांनी निघायचं, असं आमच्या घरात मार्चपासून चाललंय. देश ठरलाय, जॉर्जिया. (अमेरिकेतलं राज्य नव्हे, कॉकेशस पर्वतातला देश. सासूबाईंना हे तीनदा सांगून झालं.)

आम्ही चौघं: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि माझी आई. आई सदुसष्टची. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी झाली. सपाटीला तासभर आरामात चालते, चढही चढते, पण उतरताना कठडा किंवा कुणाचा तरी हात लागतोच. विमानात आजवर एकदाच बसलीय, तेही तिरुपतीला जाताना. आई आणि मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याला जुनी शहरं बघायचीत, मुलाला बर्फ.

एका पर्यटन कंपनीने हा कार्यक्रम दिलाय. पहिला दिवस त्बिलिसी. दुसरा काझबेगीला जाऊन परत. तिसरा कुताइसी. चौथा मेस्तिया. पाचवा उश्गुली करून झुगदिदीला मुक्काम. सहावा बातुमी. सातवा परत त्बिलिसी, आठव्या दिवशी पहाटे विमान. सात रात्री, पाच हॉटेलं. नवरा म्हणतो, एवढा खर्च करून जातोय तर सगळं बघून येऊ. मला मात्र त्या कागदाकडे बघूनच दमायला होतंय.

कुणी जाऊन आलंय का? आईला काझबेगीच्या डोंगरावरच्या चर्चपर्यंत नेता येईल का? नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी किती असते? आणि आम्ही दोघींनी तिथे खायचं काय?

शारजावासी

ताई, सगळ्यात आधी व्हिसा. आमच्याकडे अमिरातीचा रहिवासी व्हिसा असल्याने आम्हाला वेगळा लागला नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तरी चालतं. यातलं काहीच नसेल तर ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि तो नाकारलाही जातो, कारण धड कळत नाही. आमच्या ओळखीत नवऱ्याला मिळाला आणि बायकोला नाही, असं झालंय. चौघांचे व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा नजर टाका.

दुसरं म्हणजे तिथे उतरल्यावरची खिडकी. आमच्या पुढे इंदूरचं एक जोडपं होतं. त्यांना बाजूला घेऊन पाऊण तास बसवलं. हॉटेल कुठलं, परतीचं तिकीट दाखवा, पैसे किती आणलेत, नोकरी काय करता. माणसं साधी होती, पण सगळी कागदं मोबाइलमध्ये, आणि मोबाइलला नेट नाही. तेव्हा परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, प्रवास-विमा आणि बँकेचा उतारा असे चार छापील संच करा, प्रत्येकाच्या हातात एक. आईंच्या संचात तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. विचारतील तेवढंच सांगायचं. आमच्या सासऱ्यांनी अधिकाऱ्याला त्यांच्या द्राक्षबागेबद्दल विचारायला सुरुवात केली होती. मी मागून कोट ओढला.

बाकी देश झकास. आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे, त्यामुळे झोपेचं खोबरं होत नाही. विमानतळाच्या दारात जे 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येतात त्यांच्याकडे बघूही नका, फोनवरून गाडी मागवा.

घाटवाला_सातारा

मेघनाताई, तुमचा तो कार्यक्रम दोनदा वाचला. आमच्या विभागात एखादा नवा साहेब वेळापत्रक करायला बसला की असंच करायचा. कागदावर गाडी कुठंच थांबत नाही, ड्रायव्हरला भूक लागत नाही आणि घाटात ट्रक कधी आडवा होत नाही. मी एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं काढली. फोरमन म्हणून निवृत्त झालो. असले कागद दुपारपर्यंत टिकत नाहीत हे सांगायला मला जॉर्जियाला जायची गरज नव्हती, पण गेल्या ऑक्टोबरात जाऊनही आलो. पुतणी त्बिलिसीत डॉक्टरकी शिकते, तिसऱ्या वर्षाला. आपली बरीच पोरं आहेत तिकडं. तिला भेटायचं निमित्त करून मी आणि आमची मंडळी बारा दिवस राहिलो.

तर आधी गाळायचं काय ते सांगतो. मेस्तिया आणि उश्गुली गाळा. भाग वाईट आहे म्हणून नव्हे. स्वानेती म्हणतात त्याला, गावागावांत घराला चिकटून दगडी मनोरे उभे आहेत, हल्ला झाला की कुटुंबानं आत शिरायचं. उश्गुली तर २१०० मीटरवर, युनेस्कोच्या यादीत आहे, मागं श्खारा हा त्या देशातला सगळ्यात उंच डोंगर. पण त्बिलिसीपासून मेस्तिया साडेचारशे किलोमीटरच्या वर पडतं आणि शेवटचा टप्पा सगळा वळणांचा. पुतणी तिच्या मैत्रिणींबरोबर गेली होती, पोचायलाच दिवस गेला म्हणाली. तिचं वय एकवीस, गुडघे शाबूत. नोव्हेंबरात वर बर्फ पडलं की उश्गुलीचा रस्ता काय करील सांगता येत नाही. बातुमी म्हणजे समुद्रकिनारा आणि उंच इमारती. आपल्याला अलिबाग आहे. तेही गाळा.

उरलं काय? त्बिलिसी आणि काझबेगीचा डोंगर. माझ्या मते आठ दिवसांना एवढंच पुरे. त्यातलीही मुख्य गोष्ट अशी की डोंगराचा दिवस आधीपासून बांधून ठेवू नका. आम्ही तीच चूक केली.

पुतणीनं शनिवारची गाडी सांगून ठेवली होती, तिला सुट्टी म्हणून. सकाळी त्बिलिसीत लख्ख ऊन. शहरातून उत्तरेला जो रस्ता निघतो तो सरळ रशियाच्या सीमेला भिडतो, झारच्या फौजांसाठी बांधलेला, अजून त्याला लष्करी महामार्गच म्हणतात. तासाभरात अनानुरी लागतं. धरणाच्या काठावर किल्ला, आत चर्च, खाली निळंशार पाणी. आमची मंडळी म्हणाली, हे तर तापोळा. झिनवालीचं धरण आहे ते. पाणी फार उतरलं की बुडालेल्या गावातलं जुनं चर्च वर दिसतं म्हणे, आपल्या उजनीत पळसनाथाचं देऊळ दिसतं तसं. तिथवर सगळं झकास. गुदौरीच्या पुढं घाट चढायला लागलो आणि धुकं असं उतरलं की बोनेटवरचा वायपर दिसेना. वर खिंड सुमारे २४०० मीटरवर आहे. समोर ट्रकची रांग, हललीच नाही. रशियात माल न्यायला जॉर्जियातून जमिनीवरून हाच एक रस्ता चालू आहे, आर्मेनियाचे ट्रकही इथूनच जातात. खिंडीत जरा काही झालं की सगळे जागच्या जागी. आम्ही दोन तास बसलो. ब्रेक लायनर जळाल्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो, तो येत होता. शेवटी ड्रायव्हरनं गाडी वळवली. पैसे पूर्ण घेतले, त्याची काय चूक.

मंगळवारी पुन्हा गेलो. हवामान बघून, आदल्या रात्री ठरवून, तेही वडापनं. मार्श्रुत्का म्हणतात तिकडं. दिदुबे नावाच्या स्टँडवरून सुटतात, भरली की निघते, ड्रायव्हरच्या शेजारची जागा ओळखीवर मिळते. वडापच की. पण तुम्ही आईंना घेऊन त्यात बसू नका, पाय लांब करायला जागा नाही.

त्या दिवशी घाट असा मोकळा होता की मी खिडकीला नाक लावून बसलो. रस्त्याच्या कडेनं जुने काँक्रीटचे बोगदे दिसतात, वरून बर्फाचा कडा कोसळला तर गाड्या आतून जाव्यात म्हणून बांधलेले. आत दिवा नाही, खड्डे. आता डोंगराच्या पोटातून सुमारे ९ किलोमीटरचा नवा बोगदा खणलाय, तो चालू झाला की खिंड चढायचीच नाही. खंबाटकीसारखंच. खिंडीच्या अलीकडं दरीच्या तोंडाशी एक गोल भिंत आहे, आतून रंगीत चित्रांची, १९८३ सालची. रशिया आणि जॉर्जियाच्या तहाला दोनशे वर्षं झाली म्हणून सोव्हिएत काळात उभारली. नाव मैत्रीचं स्मारक. २००८ साली त्याच दोघांची लढाई झाली. तिथं फोटो सगळे काढतात, हसतही असतील मनात.

गाव लागतं त्याचं खरं नाव स्तेपान्त्समिंदा. काझबेगी हे जुनं नाव, ड्रायव्हर तेच घेतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर ना? हे गावच १७४० वर वसलंय. समोरच्या टेकाडावर गेर्गेतीचं चर्च २१७० मीटरवर, चौदाव्या शतकातलं. आणि त्याच्यामागं काझबेक, ५००० मीटरच्या वर, बाराही महिने पांढरा. तुमच्या मुलाला बर्फ हवंय ना, हे घ्या. पायाखाली मिळेलच असं कबूल करू नका. गुदौरीला बर्फावर घसरायचा हंगाम साधारण डिसेंबरात चालू होतो.

आईंना वर नेता येईल. पूर्वी चढून जावं लागायचं, आता चर्चच्या जवळपर्यंत डांबरी रस्ता झालाय. गावातल्या चौकात व्हॅनवाले उभे असतात, जपानी डेलिका गाड्या, चारही चाकांना ताकद. (माझी एक नजर डोंगराकडं आणि दुसरी त्या गाडीच्या खालच्या बाजूला.) गाडी थांबते तिथून थोडा दगडी चढ आणि मग पायऱ्या. वर वारा भयंकर. आमच्या मंडळींचा स्कार्फ उडाला तो रशियातच गेला असणार. बायकांनी डोकं झाकायचं असतं आणि पँट असेल तर वरून कापड गुंडाळायचं. दाराशी ठेवलेलं असतं, पण आईंना साडी नेसू द्या, सगळे प्रश्न मिटतात. साडीखाली गरम विजार घातली की झालं.

आता कळीचा मुद्दा. तिथं दोन रात्री राहा. डोंगर सकाळी उघडा असतो, दुपार झाली की ढग चढतात. त्बिलिसीहून जाऊन-येऊन करणारे सगळे बारा-एकला पोचतात, ढगाचे फोटो काढतात आणि खाली येतात. आम्ही मंगळवारी पोचलो तेव्हा काझबेक कमरेपासून वर गायब. म्हटलं, दुसरा फेरा पण पाण्यात. एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. भल्या सकाळी आमच्या मंडळींनी पडदा सारला आणि नुसती 'अहो' म्हणाली. पुढं काही बोललीच नाही. मी उठून बघितलं तर शेंडा गुलाबी झालेला, खाली गाव अजून काळोखात. चर्च त्याच्यापुढं काडेपेटीएवढं. आम्ही दोघं खिडकीत उभे, ब्लँकेट पांघरून, चहा थंड होईस्तोवर.

त्या घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आमच्या मंडळींनाही येत नाही. पण दोघींचं झकास जमलं, कारण ती दर वाक्याला 'हो, हो' करायची. जॉर्जियन भाषेत घरगुती बोलताना होकाराला 'हो'च म्हणतात. भाकरीला, म्हणजे त्यांच्या पावाला, 'पुरी'. आईला 'देदा'. आणि बापाला 'मामा', त्यावरून पुतणीचा पहिल्या वर्षी वर्गात फार गोंधळ झाला होता.

खाण्याचं काय, विचारलंत. उपाशी राहणार नाही. लोबियो मागा: मातीच्या गाडग्यात शिजवलेला राजमा, कोथिंबीर, कांदा, थोडा अक्रोड. त्याबरोबर म्चादी म्हणजे मक्याची भाकरी, जाडजूड. मी तर चार दिवस तेच खाल्लं. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळतात, वर डाळिंबाचे दाणे. खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी, पण गाव बदललं की प्रकार बदलतो. होडीच्या आकाराची अजारुली असते तिच्यात वर कच्चं अंडं फोडतात. ती नको, इमेरुली सांगा. लोबियानी म्हणजे राजमा भरलेली पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण. पण राचा भागातली लोबियानी असेल तर आत डुकराचं मांस असतं. विचारूनच घ्या. खिंकाली म्हणजे उकडीचे मोदक, मशरूमचे आणि बटाट्याचेही मिळतात. वरची शेंडी हातात धरून खायचं आणि शेंडी ताटात टाकायची. आमच्या मंडळींना शेंडी टाकायचं काही जमलं नाही, अन्न आहे म्हणाल्या. कळ्या मोजल्या, अठरा. 'माझ्या एकवीस असतात' एवढंच बोलल्या.

दोन वाक्यं पाठ करा. 'खोर्त्सिस गारेशे', मांसाशिवाय. 'क्वेर्त्सखिस गारेशे', अंड्याशिवाय. आणि एक शब्द, 'समारख्वो'. उपासाचं. त्यांच्या चर्चचे उपास कडक, बुधवार-शुक्रवार आणि नाताळ-ईस्टरआधी कित्येक आठवडे. मांस, अंडं, दूध काहीच नाही. त्यामुळं पुष्कळ ठिकाणी उपासाची वेगळी यादीच असते. आपला साबुदाणा नाही, पण आईंना हा शब्द पटेल.

त्बिलिसीबद्दल उद्या लिहितो. आता गाडी धुवायचीय.

रुआ_दे_ओरें

घाटवाला काका, मस्त. मेघना, मी पणजीची. एक गोष्ट इथे कुणी सांगणार नाही म्हणून मध्येच घुसते.

निघायच्या आधी कधी गोव्यात आलात तर जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा बघा. जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा उभा आहे, ४६ मीटर उंच, बाकी सगळं कोसळलेलं. बहुतेक लोक बाँ जेझूस करून बीचवर पळतात, इकडे फिरकत नाहीत. तिथे जॉर्जियाची एक राणी होती. म्हणजे तिच्या अस्थी.

केतेवान नाव तिचं, काखेती प्रांताची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं, धर्म सोड म्हणून छळलं. तिने सोडला नाही. १६२४ साली शिराझमध्ये तिला हाल करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातले काही १६२७ मध्ये गोव्यात आणून या मठात ठेवले. पुढे मठ ओस पडला, छप्पर कोसळलं, सगळं मातीखाली गेलं. आपल्या पुरातत्त्व खात्याने जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतली खूण धरून खोदलं तेव्हा हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए तपासला, तर तो भारतात न आढळणारा, कॉकेशसकडचा निघाला. २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर त्यातला एक भाग घेऊन त्बिलिसीला गेले आणि जॉर्जियाला दिला. तिथे ती संत आहे.

आम्ही गेलो तेव्हा सिघनाघीला नेणाऱ्या ड्रायव्हरने 'इंडिया? बॉलीवुड?' असं नेहमीचं सुरू केलं. मी म्हटलं, गोवा. त्याने गाडी हळू केली, आरशातून बघितलं आणि म्हणाला, 'केतेवान देदोपाली?' देदोपाली म्हणजे राणी. मग छातीवर क्रूस काढला. पुढचे दीड तास त्याने आम्हाला चर्चखेलाचे पैसे देऊ दिले नाहीत. (अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षरसाच्या घट्ट खिरीत बुडवतात. दिसायला मेणबत्ती, खायला बरी.)

काखेती म्हणजे त्यांची द्राक्षभूमी, मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करतात. नाशिककरांना तुलना करायला मजा येईल. सिघनाघी त्बिलिसीहून दोन तासांवर. टेकडीवरचं गाव, भोवती तटबंदी, रस्ते गोट्यांचे आणि उताराचे. आईंना तिथे काठी हवीच.

मेघना_नाशिक

काका, तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आई 'अहो'पाशी जरा गप्प झाली. मग म्हणाली, मेस्तिया नको, मला ती खिडकी हवी. नवरा अजून बातुमीला चिकटून आहे.

कंपनीला विचारलं, कार्यक्रम बदलून मिळेल का. गटाचा आहे, बदलत नाही म्हणाले. मग आम्ही आपलं आपण केलं तर? ड्रायव्हरसकट गाडी घ्यायची झाली तर काय बघायचं? आणि त्बिलिसीत आईला काय झेपेल? रुआताई, केतेवानची गोष्ट मुलाने इतिहासाच्या बाईंना आधीच सांगून टाकलीय.

घाटवाला_सातारा

आईंना नमस्कार सांगा.

गाडीचं आधी. त्बिलिसीत निम्म्या गाड्यांना पुढचा बंपर नसतो. मी पहिल्या दिवशी मोजायला लागलो आणि कंटाळलो. कित्येक जपानहून आलेल्या, स्टिअरिंग उजवीकडं, आणि रस्त्याची बाजूही उजवी. म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसतच नाही, शेजारचा सांगतो 'ये'. घाटासाठी असली गाडी घेऊ नका. डावीकडं स्टिअरिंग असलेली मागा. नोव्हेंबरात थंडीचे टायर बसवलेत का ते विचारा आणि तो हो म्हणाला तरी खाली वाकून बघा, गोटा झालेला टायर कुठल्याही देशात ओळखू येतो. गाडीचा दर खिंड बंद झाली तर काय, हे आदल्या दिवशी बोलून घ्या. आमच्या वेळी लारी, म्हणजे तिथलं चलन, साधारण तीस-बत्तीस रुपयांना पडत होता, त्या हिशेबानं बघा.

पहिल्या तीन रात्री त्बिलिसी, मग हवामान बघून दोन रात्री वर, मग पुन्हा शहर. वरच्या खोलीचं बुकिंग रद्द करता येईल असं घ्या म्हणजे दिवस पुढंमागं सरकवता येतात. फार सरकवायचे नाहीत, एखाद-दोन. थंडी रात्री शून्याखाली जाते, खोलीत हीटर चालतो का ते सामान टाकायच्या आधी लावून बघा.

शहरात आईंना तीन गोष्टींपासून जपा. एक, भुयारी रेल्वे. रुस्तावेली स्थानकाचा सरकता जिना इतका खोल जातो की मला खाली पोचायला अडीच मिनिटं लागली, आणि वेग आपल्या मॉलमधल्यासारखा नाही, पाय टाकताना धक्का बसतो. मला यंत्र म्हणून फार आवडला, मी दोनदा विनाकारण वर-खाली केलं. आईंना नको. दोन, मोठे रस्ते ओलांडायला भुयारं आहेत, पायऱ्या उतरून जायचं. रस्त्याच्या ज्या बाजूला काम आहे त्याच बाजूला गाडीतून उतरा. तीन, जुन्या शहरातले गोटे.

नारिकला किल्ल्याच्या टेकडीवर चालत जाऊ नका, नदीपलीकडच्या बागेतून रोपवे जातो. वर हातात तलवार आणि वाडगा घेतलेली बाई उभी आहे, पांढऱ्या धातूची, शत्रूला तलवार, पाहुण्याला वाइन. म्तात्समिंदाच्या डोंगरावर रुळांवरून तिरकी गाडी जाते, १९०५ पासून. संध्याकाळी जा, दिवे लागताना.

एक सकाळ म्त्सखेताला. जुनी राजधानी, अर्ध्या तासावर. तिथं ज्वारी नावाचा मठ डोंगरावर आहे, सहाव्या शतकातला, गाडी वरपर्यंत जाते. कठड्याशी उभं राहिलं की खाली दोन नद्यांचा संगम, अराग्वी आणि म्त्कवारी, दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालतं. आम्ही कराडकडची माणसं, प्रीतिसंगम बघत वाढलो, पण हा वरून बघायला मिळतो. नवऱ्याचं जुनं शहर इथं वसूल होईल. खाली स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल आहे, अकराव्या शतकातलं, सपाट अंगण. आईंना तिथं बाकावर बसवा आणि तुम्ही हिंडा.

आणि गंधकाचे झरे. शहर त्यांच्यामुळंच वसलं असं सांगतात, घुमटांची न्हाणीघरं जमिनीतून डोकं वर काढून असतात. तासावर स्वतंत्र खोली मिळते, कढत पाणी, सडक्या अंड्याचा वास, पाच मिनिटांत सवय होते. एक माणूस येऊन खरखरीत पिशवीनं अंग घासतो, बायकांकडं बाई येते. तुमची दिवाळी नुकतीच झालेली असेल, अभ्यंगस्नानाचा दुसरा हप्ता समजा. तुरळ-राजवाडीच्या झऱ्यापेक्षा महाग आहे एवढंच. फरशी ओली आणि पायऱ्या गुळगुळीत, आईंचा हात सोडू नका. गुडघ्याला फार बरं वाटलं, हे आमच्या मंडळींचं मत, मला गुडघ्याचा त्रास नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुलगा घाबरत असेल तर त्याला सांगा, कानात बिल्ला असलेल्यांना लस टोचलेली असते. आमच्या बरोबर एक गडी रुस्तावेली रस्त्यावर दीड किलोमीटर चालला आणि सिग्नलला आमच्याआधी थांबला.

मेतकूट, पोहे आणि थोडं तूप न्या. वर चहा हवा तर दूध वेगळं मागावं लागतं, ते बिनदुधाचा देतात.

गेर्गेतीला गेलात की एक काम करा माझं. गाडी थांबते तिथून चर्चच्या दारापर्यंतच्या पायऱ्या मोजा. मी चाळीस मोजल्या. आमची मंडळी म्हणतात सदतीस, आणि तीन मी दम लागला म्हणून दोनदा मोजल्या.